वेड पांघरून पेडगावला जाऊ नका, पायाखाली बघा!

ओट्यावरच्या ग्रॅनाइटमध्ये चमकणारा काळा ठिपका. तो २५० कोटी वर्षांपूर्वीच्या आगीचा हिशेब जपून बसलाय. हिशेब वाचता आला, तर आपल्या गावाखाली काय आहे ते कळतं. आणि आपण कसलं पाणी पितोय, तेही!

माहीत असूनही काहीच माहीत नसल्याचा आव कोणी आणला की आपण म्हणतो, हा वेड पांघरून पेडगावला निघालाय. म्हणीतलं पेडगाव लोक भीमाकाठच्या, श्रीगोंदा तालुक्यातल्या पेडगावशी जोडतात. पण एक पेडगाव आपल्या परभणीजवळही आहे. मनमाडकडून येणारी गाडी मानवत रोड सोडून परभणीकडे धावते, तेव्हा वाटेत हे छोटं स्टेशन लागतं. एक्स्प्रेसमध्ये मोबाइलमधून डोकं वर काढेपर्यंत ते मागेही पडतं.

एकदा तिथे मुद्दाम उतरा आणि खाली बघा. रुळांखालची खडी काळी. शेतातली माती काळी. विहीर खणली की आधी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. बोअरची गाडी लागली की वर उडणारी भुकटीही काळपट-राखाडीच. लहानपणी शेतात वेचलेल्या गारगोट्या तेवढ्या पांढऱ्या. बाकी सगळं काळं.

आता त्याच गावातल्या एखाद्या नव्या घरात जा. स्वयंपाकघरातला ओटा गुलाबी-राखाडी ग्रॅनाइटचा. त्यात पांढरे दाणे, गुलाबी दाणे आणि मधूनमधून काळे ठिपके. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून हळूहळू हलवा. त्यातले काही काळे ठिपके अचानक आरशासारखे चमकतील. ते अभ्रक.

(ओटा पूर्ण काळाकुळकुळीत असेल तर मात्र शोधू नका. दुकानात ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ म्हणून मिळणारा दगड बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतोच. तो डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचाच खोलवर सावकाश थंड झालेला भाऊबंद.)

तुम्ही म्हणाल, पेडगावच्या मातीत अभ्रक नाही, आणि हा ग्रॅनाइट तर ट्रकमध्ये बसून बाहेरून आलाय. मग आपला काय संबंध?

संबंध आहे. कारण असाच दगड पेडगावच्या खालीही आहे. फक्त तो झाकलेला आहे.

काळ्या गोधडीखाली काय?

आपला काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि अख्ख्या मराठवाड्यावर काळी गोधडी अंथरली गेली. ही गोधडी सगळीकडे सारखी जाड नाही. कोयनेजवळ रासाटी इथे बोअर घेतलं, तेव्हा बेसाल्ट जवळपास ९३० मीटर निघाला. पूर्वेकडे यावं तशी ती पातळ होत जाते.

मराठवाड्यातलं उदाहरण किल्लारीचं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. तुमचा जन्म झालेला नव्हता, पण घरातल्या मोठ्यांना विचारा. ती पहाट त्यांना आजही आठवते. हजारो माणसं झोपेतच गेली. शास्त्रज्ञांनाही धक्का बसला, कारण हा भाग स्थिर, भूकंप न होणारा मानला जायचा. नंतर तिथे ६१७ मीटर खोल बोअर घेऊन दगडाचे लांब दांडे बाहेर काढण्यात आले. बेसाल्ट ३३८ मीटरवर संपला. त्याखाली आठेक मीटर गाळाचा थर. आणि त्याखाली थेट अतिप्राचीन पायाचा दगड. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी तो तपासला आणि मांडलं, की हा साधासुधा ग्रॅनाइट नाही. कवचात खूप खोलवर उष्णतेत आणि दाबात शिजलेला हा खडक नंतर वर उचलला गेलेला आहे.

म्हणजे वर्षानुवर्षं आपण ज्याच्यावर घरं बांधली, त्याची ओळख आपल्याला भूकंपानंतर झाली. आताचंच बघा ना. २१ मार्च २०२४ ला पहाटे आणि पुन्हा १० जुलै २०२४ ला सकाळी हिंगोली जिल्ह्यात जमीन हलली. दोन्ही वेळा तीव्रता ४.५. परभणी-नांदेडमध्येही लोक घराबाहेर आले. तुमच्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘जाणवला का?’ असा मेसेज फिरला असेल. असे धक्के उगम पावतात ते वरच्या काळ्या गोधडीत नाही, तर तिच्याही खालच्या या जुन्या पायात.

हा पाया डोळ्यांनी बघायचा असेल तर किलोमीटरभर खोल जायची गरज नाही. पेडगावहून परभणी, पूर्णा करत नांदेड गाठा. तिथून नरसीमार्गे देगलूरची एसटी पकडा. देगलूर, बिलोली, मुखेड या पट्ट्यात काळी गोधडी विरत जाते आणि दगडाचा रंगच बदलतो. गुलाबी, राखाडी, गोल गरगरीत शिळा एकावर एक रचल्यासारख्या दिसायला लागतात. हे चित्र ओळखीचं वाटेल. हंपीला असंच आहे. गोवळकोंड्याला असंच आहे. आणि ‘शोले’तलं रामगढ! १९७५ च्या त्या सिनेमाचं शूटिंग झालं बंगळुरूजवळच्या रामनगरात. इंग्रजांच्या काळात त्या गावाचं नाव होतं क्लोजपेट. म्हणून गब्बर ज्या खडकांवर बूट वाजवत फिरतो, त्या खडकाचं नाव ‘क्लोजपेट ग्रॅनाइट’. वय सुमारे २५० कोटी वर्षं. देगलूरचे ग्रॅनाइटही याच धारवाड भूखंडाच्या घराण्यातले.

मग प्रश्न येतो तो हा. एवढा ग्रॅनाइट आला कुठून? कोणत्या खडकाच्या वितळण्यातून? किती तापमानाला? २५० कोटी वर्षांपूर्वीचं बघायला कोणी नव्हतं. पण एक साक्षीदार आहे. तोच ओट्यावरचा काळा ठिपका.

साक्षीदाराची ओळख

ग्रॅनाइटमध्ये मुख्यतः तीन मंडळी. काचेसारखी दिसणारी गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ. गुलाबी-पांढरे चपटे दाणे, म्हणजे फेल्डस्पार. आणि काळं अभ्रक. गारगोटी अतिशय साधी. सिलिकॉन आणि ऑक्सिजन, विषय संपला. त्यामुळे तिच्याकडून फारशी माहिती मिळत नाही. काळ्या अभ्रकाचं तसं नाही.

शास्त्रात त्याला बायोटाइट म्हणतात. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ झाँ-बाप्तिस्त बियो यांच्या नावावरून जर्मनीच्या हाउसमान यांनी १८४७ मध्ये हे नाव दिलं. आपल्याकडे ते त्याआधीपासूनच माहीत होतं. आयुर्वेदातल्या अभ्रक भस्मासाठी जे कृष्णाभ्रक वापरतात, ते हेच लोहयुक्त काळं अभ्रक. घरात जुनी इस्त्री असेल तर तिच्या एलिमेंटमध्ये पारदर्शक पापुद्र्यांच्या पट्ट्या दिसतील. ते अभ्रकच, पण फिक्या रंगाच्या जातीचं.

पापुद्रे हीच अभ्रकाची खूण. नखाने सोलावं तर वहीच्या पानांसारखे सुटे होतात. असं का होतं? कारण आतली रचनाच तशी आहे. सिलिका आणि ॲल्युमिनियमच्या दोन जाळ्या, त्यांच्यामध्ये लोह आणि मॅग्नेशियमचा थर, असं एक सँडविच. अशी सँडविचं एकावर एक, आणि दोन सँडविचांना चिकटवून धरणारं पोटॅशियम. हा चिकटपणा कमजोर, म्हणून पापुद्रे सुटतात.

एसटीतले प्रवासी

आता मुद्द्याचं. परभणी बसस्टँडवर एक एसटी येऊन थांबली. पाटी पडलेली, कुठून आली कळत नाही. तुम्ही आत डोकावता. निम्म्या सीटवर भाजीची गाठोडी, तर ती बाजाराच्या गावाहून आली. सगळीकडे दप्तरं, तर वाटेत कॉलेज आहे. गळ्यात माळ आणि हातात टाळ, तर पंढरपूरहून. सीट त्याच असतात. कोण बसलंय यावरून गाडीचा मार्ग कळतो.

बायोटाइट हे अगदी असंच आहे. त्याच्या रचनेत ठरावीक ‘सीट’ आहेत. मधल्या थरातल्या सीटवर लोहही बसू शकतं आणि मॅग्नेशियमही, कारण दोघांचा आकार जवळपास सारखा. तिथेच काही जागा टायटॅनियम आणि ॲल्युमिनियम पकडतात. आणखी एका छोट्या सीटवर पाण्याचा अंश, म्हणजे हायड्रॉक्सिल, बसतो. त्याच्या जागी कधी फ्लोरीन, कधी क्लोरीनही घुसतं.

मॅग्मा थंड होताना बायोटाइटचा कण तयार होतो, तेव्हा आजूबाजूच्या रसात जे जास्त असेल ते या सीटवर बसतं. गाडी थंड झाली, दारं बंद झाली. कोट्यवधी वर्षांनी आपण दार उघडतो आणि प्रवासी मोजतो.

मोजायचे कसे? कण तर एखाद-दोन मिलिमीटरचा. त्यासाठी दगडाचा कागदाहून पातळ काप काढून काचेवर चिकटवतात आणि एका यंत्रात ठेवतात. यंत्राचं नाव इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब. रेमाँ कास्तेंग या फ्रेंच तरुणाने १९५१ मध्ये पॅरिसला आपल्या पीएचडीत ते मांडलं. यात इलेक्ट्रॉनचा झोत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या जागेवर सोडतात. तिथून क्ष-किरण बाहेर पडतात आणि प्रत्येक मूलद्रव्याचे क्ष-किरण वेगळे. त्यावरून लोह किती, मॅग्नेशियम किती, ते टक्केवारीत मिळतं. आयआयटी मुंबईच्या भूविज्ञान विभागात असं यंत्र आहे.

तीन सहली, तीन ग्रॅनाइट

समजा ग्रुपमध्ये तीन सहलींचा विषय निघालाय. एक, लेह-लडाख बाइक ट्रिप. दोन, गंगोत्री ट्रेक. तीन, राजस्थानातलं जालोर. तिन्हीकडे ग्रॅनाइट आहे. दिसायला थोड्याफार फरकाने सारखाच. पण तिघांच्या जन्मकथा पूर्ण वेगळ्या.

लेहच्या आसपासचे राखाडी डोंगर म्हणजे लडाखचा ग्रॅनाइटी पट्टा. भारत आशियाला धडकण्याआधी मध्ये टेथिस समुद्र होता. त्याचा तळ आशियाच्या खाली सरकत गेला, खाली गेल्यावर त्यातलं पाणी सुटलं, वरचे खडक वितळले. साधारण ६ कोटी वर्षांपूर्वीची ही गोष्ट. हा रस अग्निजन्य खडकांच्या कुळातला, पाणी भरपूर, ऑक्सिजनही बऱ्यापैकी.

गंगोत्रीचा पांढराशुभ्र ग्रॅनाइट त्यानंतरचा, सुमारे २ कोटी वर्षांपूर्वीचा. टक्कर झाली, हिमालय उचलला, कवच जाड झालं आणि खोल गाडला गेलेला गाळाचा दगड वितळला. गाळ म्हणजे मूळची चिखल-माती. चिखलात ॲल्युमिनियम जास्त. म्हणून या ग्रॅनाइटमध्ये पांढरं अभ्रकही सापडतं.

जालोर तिसऱ्या तऱ्हेचं. वय सुमारे ७५ कोटी वर्षं. तिथला रस बराचसा कोरडा आणि जास्त तापलेला होता. खंडाच्या आत, कवच ताणलं जाण्याच्या परिस्थितीत असे मॅग्मा तयार होतात.

अग्निजन्य खडकातून आलेला आणि गाळाच्या खडकातून आलेला, असे ग्रॅनाइटचे दोन वर्ग पहिल्यांदा ठळकपणे मांडले ते ऑस्ट्रेलियातल्या ब्रूस चॅपेल आणि ॲलन व्हाइट यांनी, १९७४ मध्ये. तिसरा कोरडा वर्ग नंतर जोडला गेला. मग १९९४ मध्ये बैरुतच्या अब्देल-रहमान यांनी साधा प्रश्न विचारला. हा फरक एकट्या बायोटाइटवरून ओळखता येईल का?

त्यांनी जगभरातल्या बायोटाइटची विश्लेषणं एकत्र केली आणि लोहाच्या ऑक्साइडला मॅग्नेशियमच्या ऑक्साइडने भागलं. बस्स, भागाकार! सरासरी अशी निघाली: समुद्रतळ खाली सरकताना तयार झालेल्या, लडाखसारख्या ग्रॅनाइटमध्ये सुमारे १.७६. ॲल्युमिनियम जास्त असलेल्या, गाळाच्या कुळातल्या ग्रॅनाइटमध्ये ३.४८. आणि कोरड्या, अल्कली जास्त असलेल्या ग्रॅनाइटमध्ये ७.०४.

म्हणजे पावणेदोन, साडेतीन आणि सात. दुप्पट, परत दुप्पट. लक्षात ठेवायला पाढ्यापेक्षा सोपं.

उदाहरण घेऊ. समजा तुमच्या कणात लोहाचं ऑक्साइड २० टक्के आणि मॅग्नेशियमचं १० टक्के निघालं. भागाकार २. पहिल्या कुळाच्या जवळ. दुसऱ्या कणात २४ आणि ७ निघालं. भागाकार ३.४. मग ॲल्युमिनियम तपासा. तेही चढं असेल तर चिखलाच्या घराण्याचा संशय घ्या. शाळेतल्या गणितावर २५० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकाचे आईबाप शोधता येतात, राव!

उष्णता, पाणी आणि हवा

कूळ कळलं. आता ताप किती होता?

तो टायटॅनियम सांगतं. तापमान चढं असेल तर बायोटाइट टायटॅनियमला जास्त जागा देतं. असं बायोटाइट सूक्ष्मदर्शकाखाली लालसर-तपकिरी दिसतं. म्हणजे महागड्या यंत्राआधी कॉलेजच्या मायक्रोस्कोपवरही पहिला अंदाज बांधता येतो.

पाण्याचं काय? ग्रॅनाइटच्या घटकांना पाणी भरपूर मिळालं तर खोलवरच्या दाबाखाली ते साधारण ६५० अंशांनाही वितळायला लागतात. कोरडे असतील तर ९०० च्या पुढे जावं लागतं. आणि मजा बघा. खूप खोलवर बाहेरचं मोकळं पाणी फारसं नसतं. मग पाणी येतं कुठून? तर जुन्या खडकातल्या अभ्रकातूनच. तापमान ८०० अंशांच्या आसपास गेलं की तिथलं काळं अभ्रक मोडतं, त्याच्या सीटवरचं पाणी सुटतं आणि त्या पाण्याच्या जोरावर भोवतालचा खडक वितळतो. तो रस वर येतो, थंड होतो आणि त्यात पुन्हा नवं अभ्रक तयार होतं. जुन्या अभ्रकाच्या मरणातून मॅग्मा, आणि मॅग्म्यातून नवं अभ्रक.

उरली हवा, म्हणजे ऑक्सिजन. अमेरिकेतल्या डेव्हिड वोन्स आणि हान्स युगस्टर यांनी १९६५ मध्ये प्रयोगशाळेत दाखवून दिलं की बायोटाइटचं लोह आणि भोवतालचा ऑक्सिजन यांचं घट्ट नातं आहे. रसात ऑक्सिजन जास्त असेल तर बरंचसं लोह मॅग्नेटाइटमध्ये, म्हणजे चुंबकी दगडाच्या कणांत, जाऊन बसतं. बायोटाइटच्या वाट्याला मग मॅग्नेशियम जास्त येतं. ऑक्सिजन कमी असेल तर मॅग्नेटाइट बनत नाही आणि लोह बायोटाइटमध्येच राहतं. जपानच्या शुन्सो इशिहारा यांनी १९७७ मध्ये याच धाग्यावरून ग्रॅनाइटचे चुंबकी आणि अचुंबकी असे दोन गट केले. ही नुसती पुस्तकी वाटणी नाही. तांबं शोधायचं की कथील, ते यावरून ठरतं. तांब्याचे साठे साधारणपणे पहिल्या गटाबरोबर, कथिलाचे दुसऱ्या गटाबरोबर सापडतात.

साक्षीदार फिरतोही

कोर्टात साक्षीदार फिरतो, तसं बायोटाइटही फिरतं. म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही.

पहिली अडचण, सडलेलं अभ्रक. पाणी मुरलं की बायोटाइट हिरवट पडतं आणि क्लोराइट नावाच्या खनिजात बदलतं. चिकटवून धरणारं पोटॅशियम निघून जातं. ताज्या बायोटाइटमध्ये पोटॅशियमचं ऑक्साइड साधारण ९-१० टक्के असतं. तुमच्या आकड्यात ते पाचावर आलं असेल, तर तो साक्षीदार बाद.

दुसरी, दारं लगेच बंद होत नाहीत. ग्रॅनाइट खोलवर हजारो-लाखो वर्षं सावकाश थंड होतो. त्या काळात काही प्रवासी गुपचूप सीट बदलतात. फ्लोरीन तर उशिरापर्यंत ये-जा करतं.

तिसरी, यंत्राची मर्यादा. मायक्रोप्रोब एकूण लोह सांगतो. त्यातलं किती ऑक्सिडीकृत, ते थेट सांगत नाही. हायड्रोजन तर त्याला दिसतच नाही. म्हणजे पाण्याचा आकडा हिशेबातून काढावा लागतो.

चौथी, सरासरी म्हणजे माणूस नव्हे. १.७६, ३.४८ आणि ७.०४ या सरासऱ्या आहेत. प्रत्यक्षात तिन्ही कुळांच्या हद्दी एकमेकांत शिरतात. शिवाय काही ग्रॅनाइटला एकच आईबाप नसतात. ‘शोले’वाल्या क्लोजपेटचंच घ्या. तिथे खालून प्रावरणातला तापलेला रस आला, त्याने जुनं कवच वितळवलं आणि दोघं मिसळले, असं संशोधक मानतात. अशा मिसळीत एका कणावरून निकाल देणारा तोंडावर आपटतो. म्हणून पूर्ण खडकाचं रसायन, झिर्कॉनचं वय, समस्थानिकं, आणि सगळ्यात आधी शिवारात पायी फिरून केलेली नोंद, हे सगळं जुळलं तरच निष्कर्ष.

हे मुद्दाम सांगितलं. कारण रीलवर तीस सेकंदांत ‘या एका टेस्टने कळेल’ म्हणणारे खूप आहेत. विज्ञानात पुराव्याची उलटतपासणी घ्यावी लागते.

आणि तुमच्या ग्लासातलं पाणी?

एवढं सगळं ऐकून कोणी म्हणेल, ठीक आहे, पण याने पोट भरतं का?

पोटाचं नंतर बघू, आधी तहानेचं बघू. मघाशी ती छोटी सीट आठवतेय? पाण्याच्या अंशाची, जिथे फ्लोरीनही घुसतं? ग्रॅनाइटच्या प्रदेशात भूजल दगडाच्या भेगांत वर्षानुवर्षं मुरत राहतं. अभ्रक कुजतं आणि सीटवरचं फ्लोराइड पाण्यात उतरतं. ॲपेटाइट आणि फ्लोराइट ही खनिजंही त्यात भर घालतात. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर भारतीय मानकानुसार १.५ ही शेवटची मर्यादा. त्यावरचं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं तर आधी दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात. मग हाडं आणि सांधे आखडतात.

तेलंगणातलं नळगोंडा यासाठी देशभर माहीत झालं. नागपूरच्या नीरी संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढायची जी पद्धत बसवली, तिला नावच पडलं ‘नळगोंडा तंत्र’. आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या काही गावांनाही हा प्रश्न भेडसावतो. तिथल्या कॉलेजात वर्गात मागे वळून बघा. दातांवर पट्टे असलेला एखादा मित्र हसताना तोंडावर हात धरतो. त्याने ब्रश केला नाही म्हणून ते पट्टे नाहीत. त्याच्या गावच्या बोअरने जो दगड गाठला, त्याचं ते रसायन आहे.

इथे पेडगावकरांनीही कान द्यावा. पाणी लागत नाही म्हणून बोअर दरवर्षी खोल चाललेत. शंभर फुटांवरून तीनशे, तीनशेवरून पाचशे. गोधडी जिथे पातळ आहे, तिथे ही सुई कधीतरी खालच्या दगडाला टेकते. आपण फक्त पाणी किती इंची लागलं ते विचारतो. कोणत्या दगडातून लागलं, ते कोणीच विचारत नाही.

करून बघा

१. हातात दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. ओटा, पायरी, दुकानाची पाटी, जिथे ग्रॅनाइट दिसेल तिथे काळे ठिपके बघा. चमकून पापुद्र्यासारखा दिसतो तो अभ्रक. लांबट आणि कमी चमकणारा तो बहुधा हॉर्नब्लेंड.

२. जुन्या स्पीकरमधलं चुंबक दोऱ्याला बांधा आणि ग्रॅनाइटच्या तुकड्याजवळ अलगद न्या. दोरा दगडाकडे झुकला तर मॅग्नेटाइट आहे. म्हणजे इशिहारांच्या पहिल्या गटाचा संशय. अजिबात हलला नाही तर दुसऱ्या.

३. देगलूरकडे गेलात तर खाणीबाहेर पडलेला ताजा, टोकदार तुकडा उचला. गावाचं नाव आणि तारीख लिहून पिशवीत ठेवा. किल्ले, देवळं, हंपीसारख्या ठिकाणी मात्र दगडाला हात लावायचा नाही. नुसतं बघायचं.

४. गावात बोअर चालू असेल तर दर पन्नास फुटांवरची भुकटी वेगवेगळ्या पुड्यांत बांधा. पुडीवर खोली लिहा. काळ्या भुकटीत अचानक गुलाबी, चमचमते कण दिसले, तर जवळच्या भूविज्ञान विभागाला किंवा भूजल सर्वेक्षण यंत्रणेला दाखवा. आणि त्या पाण्याची फ्लोराइड तपासणी करून घ्या.

पोटाचं काय मग?

बारावी सायन्सनंतर नीट, सीईटी एवढंच जग असतं असं आपल्याला वाटतं. बीएस्सीला भूविज्ञान असतं, हे कित्येकांना ॲडमिशनच्या खिडकीवर कळतं. परभणीत ज्ञानोपासक महाविद्यालयात हा विषय आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूविज्ञानाचं संकुल आहे. आयआयटीत एमएस्सी करायची तर ‘जॅम’मध्ये जिऑलॉजीचा पेपर असतो. पुढे ‘गेट’ आहे, आणि यूपीएससी वेगळी भूवैज्ञानिक परीक्षा घेते. त्यातून १८५१ पासून चालत आलेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जाता येतं. कऱ्हाडला केंद्र सरकारची भूकंपाभ्यासाची बोअरहोल प्रयोगशाळा आहे. तिने कोयना परिसरात तीन किलोमीटर खोलीचं बोअर घेतलंय.

नोकऱ्या ढिगाने आहेत, असं खोटं सांगणार नाही. जागा मोजक्याच निघतात. उन्हात फिरावं लागतं, इंग्रजी पेपर वाचावे लागतात. पण मराठवाड्यातल्या पोराला एक गोष्ट फुकट मिळालेली असते. एका बाजूला काळी गोधडी, दुसऱ्या बाजूला उघडा पडलेला पाया, आणि दोन्हीमध्ये काही तासांची एसटी.

हे अभ्रक भूकंपाचं भाकीत करणार नाही. उद्या पहाटे काय होईल, ते त्याला ठाऊक नाही. पण आपण ज्याच्यावर झोपतो तो पाया कशाचा, कुठून आला, किती तापलेला होता, त्यात कोणती खनिजं आणि कोणतं विष असू शकतं, हे ते सांगू शकतं. किल्लारीत हे आपल्याला फार उशिरा विचारावंसं वाटलं.

परत कधी गाडीने जाताना पेडगाव आलं, तर मोबाइल खिशात ठेवा आणि खिडकीतून रुळांखालच्या काळ्या खडीकडे बघा. आता तुम्हाला माहीत आहे, त्या खाली काय आहे. वेड पांघरून पेडगावला जायची सोय आता तुम्हाला राहिलेली नाही.